रजानामा

मी, खाली सही करणारा, वय एक्याऐंशी, धंदा शिलाई मशीनची दुरुस्ती, मधली दोन वर्षे सात महिने देशाचा पंतप्रधान, हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने करून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पदावर असताना असा दाखला कोणी मागितला नव्हता. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नीचा आहे, पण तो बावन्न वर्षांचा जुना असल्याने धरू नये.

हात थरथरतो म्हणून मी सांगतो आणि पत्नी लिहिते. ज्याला मिळायचे त्यानेच लिहू नये, असे वकीलसाहेब म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "यांच्याकडून मला आजवर काय मिळालं ते आधी दाखवा, मग पेन खाली ठेवते." वकीलसाहेब चहा घेऊन गेले.

मला तिच्यापाशी एक गोष्ट कबूल करायची आहे. तीस वर्षे ती ओठांवर येऊन परत जाते आहे. ती कलम पाचमध्ये येईल. आधी सोपी कलमे उरकतो.

कलम एक. राहते घर, मागच्या मशीनच्या खोलीसह, पत्नीला. मागचे दार अडकते, ते खांद्याने ढकलावे. दुरुस्त करतो, असे मी म्हटले होते. (लिहिणारीची टीप: एकोणीस वेळा.)

कलम दोन. हत्यारांची पेटी धाकट्या भावाला. मी पदावर असताना त्याने वार्ताहराला सांगितले, "दादाला घरचं दार नीट करता येईना, देश काय नीट करणार?" हे खरे होते, पण घरातले होते. म्हणून पेटी द्यावी, किल्ली देऊ नये. बारीक स्क्रूड्रायव्हर पेटीत सापडणार नाही. तो त्याने बावीस वर्षांपूर्वी "आत्ता आणून देतो" म्हणून नेला आहे. पोचला असे समजावे.

कलम तीन. माझ्या भाषणांचे तीन जाड खंड लेकीला. ते वाचलेच पाहिजेत अशी अट नाही. मीही वाचलेले नाहीत, लिहिणारे वेगळे होते. मुळात मी बोलणारा नव्हेच. पंतप्रधान होण्याआधी मी संसदेतला मागच्या बाकावरचा एक सभासद होतो. पक्षाच्या कचेरीत झेंडे शिवायचे मशीन बिघडले म्हणून मला बोलावले होते, आणि शेजारच्याच टेबलावर नवा पंतप्रधान निवडताना दोन गट हमरीतुमरीवर आले होते. काम करताना स्क्रू ओठांत धरायची माझी सवय, त्यामुळे चार तास मी एकटाच गप्प होतो. "हा कोणाच्या अध्यात ना मध्यात," असे म्हणून दोन्ही गटांनी माझ्याकडे बोट दाखवले. स्क्रू काढून नाही म्हणेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या.

कलम चार. सभागृहात मला "मुकं मशीन" म्हणणाऱ्या तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्याला माझे कानाचे यंत्र द्यावे. जन्मभर तो नुसता बोलला आहे, आता जरा ऐकून बघू दे. हल्ली तो रोज पत्ते खेळायला येतो आणि हरतो. त्याचा मला लळा लागला आहे, हे त्याला सांगू नये.

कलम पाच. बैठकीच्या भिंतीवर माझा राजीनामा चौकटीत लावला आहे. घरासाठी खुर्चीवर लाथ मारली म्हणून लोक मला त्यागमूर्ती म्हणतात, एका बागेला माझे नावही आहे. त्या एका कागदापायी बायकोने माझे सगळे गुन्हे पोटात घातले. अगं, तो त्याग खोटा आहे. लिही, थांबू नकोस.

त्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "अख्ख्या गावाची मशीनं दुरुस्त केलीत, आणि माझ्या मशीनचा पट्टा दोन वर्षं तुटलेला. चार दिवस तरी घरी या." मला लाज वाटली. पंतप्रधानाला रजा कोण देतो ते ठाऊक नव्हते, पण अर्ज तर करावा लागत असेल. कराराचा करारनामा असतो, तसा रजेचा रजानामा असणार. सेक्रेटरींना म्हटले, "चार ओळींचा रजानामा टाइप करा." चष्मा दुरुस्तीला गेला होता. तशीच सही ठोकली. संध्याकाळच्या बातम्यांत कळले की माझे पद गेले.

घरी आलो तर तू दारात उभी राहून रडलीस. म्हणालीस, "माझ्यासाठी खुर्ची सोडलीत?" मी "हो" म्हणालो. सेक्रेटरी तीनदा फोनवर आले, कागद मागे घेता आला असता. पण "हो" म्हणून बसलो होतो. मी चार दिवसांनी परत जाणार होतो गं.

(येथून पुढे मी माझ्या मनाने लिहिते आहे. त्या दुपारी सेक्रेटरींचा मला फोन आला होता. गृहस्थ चोख. म्हणाले, "वहिनी, साहेब रजानामा म्हणतात. असा शब्दच नाही. रजा म्हणायचंय की राजीनामा?" मी पट्टा तुटलेल्या मशीनकडे पाहिलं आणि म्हटलं, "राजीनामा. त्यांचं शुद्धलेखन कच्चं आहे." दारात रडले ती भीतीने. वाटलं, यांना कळलंय. दाराबद्दल एकोणीस वेळांच्या वर बोलले नाही, तेही म्हणूनच.)

तिने लिहिलेले मला वाचून दाखवले. मी विचारले, "तीस वर्षं बोलली नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठे बोललात?" मग आम्ही दोघे इतके हसलो की शाई सांडली. वरचा डाग खाडाखोड समजू नये.

कलम सहा. सदर राजीनामा चौकटीसह मूळ लेखिकेला परत करावा. मागचे दार मी उद्या सकाळी दुरुस्त करणार आहे, सबब कलम एकमधले ते वाक्य रद्द समजावे. (टीप: वीस.)

वाचून घेतले, पटले, सही केली.

सही: शिलाई मशीन दुरुस्तीवाला
लिहिणार: पत्नी
साक्षीदार: १. माजी विरोधी पक्षनेता (हसताना हात हलल्याने सही वाकडी) २. शेजारचे डॉक्टर
ठिकाण: घर, मशीनची खोली
तारीख: नऊ, शनिवार