या रविवारी मेजापाशी

प्रिय सुवार्ताताई,

सोलापुरातून प्रभूमध्ये सलाम. मी बरा आहे, इथलं ऊन सोसतंय. तुझे गुडघे कसे आहेत?

आईच्या दफनाच्या दिवशी मी तुला म्हणालो, "तू तिला नीट सांभाळलं नाहीस." तेव्हापासून तीन महिने चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी सगळे भाकर घ्यायला मेजापाशी जातात, पण मी लायक नाही असं वाटून बाकावरच बसून राहतो. काल शेजारच्या एस्तेरमावशी म्हणाल्या, "लायक झाल्यावर येणार व्हय? मग सगळेच बसून राहिले तर पाळकसाहेबांनी रिकाम्या मेजाला भाकर वाढायची की!"

खरं तर आईच्या शेवटच्या दिवसांत मीच तिला भेटायला आलो नव्हतो. ते झाकायला तुला बोललो. मला क्षमा कर.

या रविवारी मेजापाशी जाणार आहे. तुझा राग गेला नसला तरी जाईन. तो रास्तच आहे. मी चांगला आहे म्हणून तिथलं बोलावणं नाही.

सोमवारी तुझ्याकडे येतो. दार उघडशील ना?

तुझा धाकटा,
शांतवन