बायकोने सांगितलं

११ फेब्रुवारी १९५९, पौड
शाळा सुटायच्या आत तंबूवाले उस्मानशेठ आबांना घेऊन दारात हजर. पुण्याहून एस.टी.वर आलेली रिळांची पेटी चुकली. हवा होता देवाचा बोलपट, आला इंग्रजी. तोही जुना, लढाईच्या आधीचा. तिकिटं विकून झाली आहेत. मुठ्याकडची, घोटावड्याकडची माणसं गाड्या जुंपून निघालीसुद्धा. शेठ म्हणाले, "मास्तरीणबाई, भोंग्यापाशी बसा आन् त्ये काय बोलत्यात तेवढं मराठीत सांगा. गाव नाव काढंल."
मी तोंड उघडायच्या आत आबा, "सांगंल की. म्याट्रिक झालीया, इंग्रजीत."
इंग्रजीत नव्हे, इंग्रजीसकट. आणि त्या विषयात जेमतेम पास. आबांना सही येत नाही, आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटी धरली नाही. हा फरक त्यांना कसा सांगू? नाही सांगितला.

१२ फेब्रुवारी
काल भोंग्यावर बसले. 
पहिल्या पाटीवरचं वाचता आलं: हे नाटकावरून घेतलेलं चित्र आहे. तेवढं ऐटीत सांगितलं. म्हणूनच सगळं एका स्वयंपाकघरात घडतं. खिडकीबाहेर मंदी, कामं बंद, गोरी माणसं वाडगं धरून पावासाठी रांगेत.
"बाई, ह्ये रेशनचं दुकान हाय का?" हशा.
नायक चोरून दारू विकायचा. एका पोलिसाला गोळी घालून स्वतःच्याच घरात लपलेला. बायको लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून पोट भरते. तिकडेही दारूबंदी होती हे सांगितल्यावर तंबूला जो आनंद झाला! "आपल्यातलाच निगाला की!"
मग त्या दोघांचा तो प्रसंग आला. काय सांगणार? म्हटलं, "आता ते एकमेकांचा निरोप घेत आहेत." मागून कोणीतरी, "लईच येळ निरोप चाललाय बाई!" कान तापले.
हे सगळं चाललं असतं. पण शेवटी पोलीस जिना चढून आले. त्याला गोळी लागली. तो बायकोचा हात धरून तुटक तुटक काहीतरी बोलला. रीळ खरखरत होतं. मला फक्त "यू" आणि "टोल्ड" ऐकू आलं. तंबू ओरडायला लागला, "काय म्हनला? पोलिसास्नी कुनी सांगितलं?" शेठनी कोपराने ढोसलं.
मी म्हणाले, "बायकोने. बायकोने सांगितलं."
कळलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. जीभ वळली नाही. सगळे थांबले होते. आबा पुढेच बसले होते.
तंबूभर "आगं आई आई" झालं. आणि बायकांच्या बाजूने एक आवाज, "म्हंजी आपल्या हौसीवानी!"
हौसाबाई तिथेच बसली होती. आमच्या शाळेत पाणी भरते. तिचा नवरा रामा दिवाळीत हातभट्टीवर पकडला गेला, तो अजून तुरुंगात आहे. फौजदाराला खबर कोणी दिली ते कोणाला माहीत नाही. हौसाबाईचं नाव घेत, पण कुजबुजत. कालपर्यंत.

१३ फेब्रुवारी
पेटी परत गेली नाही म्हणून काल पुन्हा तोच खेळ. पुन्हा मी. या वेळी कानांत प्राण आणून बसले.
तो "नेव्हर" म्हणतो. यू नेव्हर टोल्ड. तू सांगितलं नाहीस. सगळे तिच्यावर संशय घेत असतात आणि मरताना तो एकटा तिला असं म्हणतो. सगळं नाटक त्या एका शब्दावर उभं आहे. मी ते उलटं करून टांगलं.
सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण निम्मी माणसं दुसऱ्यांदा आलेली. मी श्वास घेते तोवर तंबूच ओरडला, "बायकोनं सांगितलं!" टाळ्या. शिट्या.
मी गप्प बसले.
परवा मला कळलं नव्हतं. काल कळलं होतं. काल जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही.
(मग सांगितलं कोणी, ते मात्र दुसऱ्या वेळीही नीट समजलं नाही. एक भाडेकरू होता, त्याच्यावर रोख असावा. नक्की नाही.)

१४ फेब्रुवारी
विहिरीवर. मी दोर सोडत होते. हौसाबाई आली तशी एक जण म्हणाली, "काय गं शिनेमावाली, झाली का इस्तरी?"
दुसरी, "आगं, तिच्याम्होरं बोलू नगंस. फौजदाराच्या कानावर जाईल."
हौसाबाईने हंडा भरला, चुंबळ नीट केली, डोक्यावर घेतला, गेली. सगळ्या हसल्या. माझ्याकडे बघून हसल्या, मीही त्यांच्यातली असल्यासारख्या. मी हसले का? ओठ हलले असतील. आठवून आठवून बघते आहे.

१६ फेब्रुवारी
पाणी भरून झाल्यावर हौसाबाई वर्गाच्या दारात थांबली. मुलं खेळायला बाहेर.
"बाई, एक इचारू? तिनं का सांगितलं असंल वो?"
मला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिने माझ्या बोलण्यावर शंका घेतली नव्हती. ती त्या गोऱ्या बाईचा विचार करत होती.
"सिनेमा तो, हौसाबाई. मनावर घेऊ नका."
"म्या कुटं घेतीया? गाव घेतंय. परवा ह्येंची सुटका हाय."
तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात हेडमास्तर आले. मी खडू संपल्याचं बोलले. खडू संपले नव्हते.

१८ फेब्रुवारी
रामा सुटून आला. घरी पोचायच्या आधी चहाच्या दुकानात त्याला सिनेमाची सगळी गोष्ट सांगून झाली होती. आईने पीठ मळता मळता सांगितलं. घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्याने हौसाबाईला विचारलं म्हणे, "तू बी त्यातलीच का?" ती काही बोलली नाही. त्याने पुन्हा विचारलं. ती पोरीला घेऊन मुठ्याला भावाकडे निघून गेली.
"निगून गेली का हाकलली?" मी विचारलं.
आई म्हणाली, "त्यात काय फरक असतुया बाईच्या जातीला?"


१९ फेब्रुवारी
शाळा सुटल्यावर रामाकडे गेले. आबांना न सांगता. तो ओसरीवर सुंभ वळत बसला होता. बसा म्हणाला, मी उभीच राहिले. पाठ करून गेले होते तसं बोलले: सिनेमातल्या बाईने पोलिसांना सांगितलं नव्हतं. मीच गावाला खोटं सांगितलं.
"म्हंजी तुमास्नी इंग्रजी येत न्हाई?"
"पुरतं येत नाही."
"आन् शाळंत शिकीवता?" हसला. मग हसायचा थांबला. "बरं. त्या गोरीनं न्हाई सांगितलं. आमची तर हाय बी म्हनत न्हाई आन् न्हाई बी म्हनत न्हाई. त्याचं मराठी करून सांगा की बाई."

सुंभाला पीळ देत तोच म्हणाला, "मला एकट्याला सांगून काय उपेग? म्या शिनेमा बघितलेला न्हाई. ज्यांनी बघितला त्यास्नी सांगा. मला तोंड दावाया जागा ठेवली न्हाई कुनी."
वाटेत विचार आला. त्याला तोंड दाखवायची चिंता आहे. हौसाबाईच्या तोंडाचं काय? पण हे त्याला म्हणायचा हक्क मला नाही.

२० फेब्रुवारी
आबांना सांगितलं. जेवत होते. आधी समजले नाहीत, मग समजले.
"म्हंजी तुला कळत नव्हतं, तरी बोलत व्हतीस?"
"हो."
"म्या बाजारात सांगत हिंडलो, आमच्या सुमननं आख्खा इंग्रजी शिनेमा वाचला म्हनून."
उद्या भोंग्यावर सगळ्यांना खरं सांगणार, असं म्हटलं. आबा म्हणाले, "त्यानं हौसी घरी येनार हाय का? मान मातर माझी खाली जाईल." मी म्हटलं, तिची गेलीच आहे. त्यांनी हात धुतला. भाकरी अर्धी ताटात राहिली. आईने ताट उचललं.
आबांचंही खोटं नाही. दोन माणसांपुढे एकदम लाज वाटते, आणि एकाची राखली तर दुसऱ्याची जाते. हौसाबाई मुठ्याला, तिला विचारताही येत नाही की मी बोलू का. तिचं नाव पुन्हा मीच भोंग्यावर घ्यायचं का? नाव नको घ्यायला. फक्त सिनेमाचं सांगायचं.

२१ फेब्रुवारी
उस्मानशेठनी आढेवेढे घेतले. "तंबू उद्या उठतुया, आता कशाला वो?" मग दिला भोंगा. देवाचा बोलपट आला होता, गर्दी चांगली. आबा आले नाहीत.
म्हटलं, "मागच्या सिनेमात मी म्हणाले, बायकोने सांगितलं. ते खरं नाही. तो माणूस तिला म्हणतो, तू सांगितलं नाहीस. मला पहिल्यांदा ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं, तरी मी गप्प बसले. चुकी माझी आहे, त्या बाईची नाही."
भोंग्यात आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो.
 मग, "आमच्या तिकिटाचं पैसं परत द्या!" हशा. शेठही हसले. हसणं ओसरल्यावर मागून एक जण, चेष्टेत नव्हे, नीट विचारावं तसं:
"मग सांगितलं कुनी?"
सगळे माझ्याकडे बघत होते.
"मला माहीत नाही," म्हटलं. "मला तेवढं इंग्रजी कळलं नाही."
"न्हाई कळलं तर मग ह्ये तरी खरं कशावरनं?" एक बाई. विहिरीवरचीच.
 भोंगा शेठच्या हातात दिला.
रामा तंबूच्या दोराशी उभा होता. हसला नव्हता. पहिली पाटी यायच्या आत निघून गेला.

२२ फेब्रुवारी
आबांनी चहा घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही, पण दुसरा कप माझ्यापुढे सरकवला. की तो आईसाठी होता? मी घेतला. आता वाटतं, घ्यायला नको होता.
तंबू उतरवताहेत. बांबू काढल्याचे आवाज येताहेत.
रामा दिवस उगवायच्या सुमाराला मुठ्याच्या वाटेला लागला म्हणतात. आई म्हणते, "आनाया गेला असंल." विहिरीवर म्हणत होत्या, पुन्यांदा विचारायला गेलाय, या वेळी तिच्या भावाम्होरं.
 दारातून मुठ्याकडची वाट दिसते. संध्याकाळ होत आली. अजून कोणी आलेलं नाही.