वेगळ्या ठेवलेल्या गोळ्या

शनिवार, ८ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. वहिनीचा खोकला थांबला का? इथे वसतिगृहाचं पाणी सकाळीच जातं, त्यामुळे मी चक्क पहाटे उठते. तुला खोटं वाटेल. सरकारी विद्यापीठ म्हणून तू नाक मुरडलं होतंस, पण आमची प्रयोगशाळा खरंच चांगली आहे.

परवापासून तू माझा फोन उचलत नाहीस. उद्या मी घरी येतेच आहे, पण समोर आल्यावर हे तोंडातून निघणार नाही. म्हणून मैत्रिणीच्या भावाच्या हाती पत्र देते आहे.

तिथल्या आमच्या बाईंनी प्रत्येकाला घरून गोळ्यांची एक पट्टी आणायला सांगितली होती. पट्टीवर लिहिलंय तेवढं औषध गोळीत आहे का, ते तपासायचं. मी आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या, तुझ्याच औषधाच्या दुकानातल्या. गोळी कुटली, विरघळवली, यंत्रात घातली. औषध शून्य! "गोळी गिळलीस की काय गं?" मैत्रिणी हसल्या. मीही हसले. पुन्हा केलं, तरी तेच. मग बाईंनी स्वतः करून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"तुझा हात नाही चुकला, पोरी. हिच्यात औषधच नाही. कोण घेतं या?"

मी फोन घेऊन बाहेर पळाले.

आईला फोन केला तर म्हणाली, "दाब उतरतच नाही, म्हणून डॉक्टरांनी एकीच्या दोन गोळ्या केल्यात." मी लगेच इथून नव्या पाठवल्या. मग तुला फोन केला. वाटलं, आपल्याला कुणी फसवलं म्हणून तू भडकशील. आणि तू ओरडलास, "तिला त्या खोक्यातल्या कुणी दिल्या? तिच्यासाठी वेगळ्या ठेवल्या होत्या मी!"

दादा, मी फोन ठेवून दिला.

तू जेवायला गेला होतास, तेव्हा आईने दुकानातल्या खोक्यातून स्वतःच काढून घेतल्या. तुला कशाला त्रास, म्हणून.

समोरच्या मावशीही त्याच घ्यायच्या ना? त्यांना झटका आला तेव्हा तूच त्यांना उचलून गाडीत घातलंस. किती अभिमान वाटला होता मला तुझा! त्यांचा उजवा हात अजून हलत नाही. उचलताना तुला ठाऊक होतं का रे? हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

आता जे सांगायला एवढं लांबण लावलं, ते. बाईंनी दुकानाचं नाव विचारलं आणि मी सांगितलं. रडत सांगितलं, पण सांगितलं. सोमवारी औषध निरीक्षक येतील. खोकं जाळू नकोस. माल कुणी दिला ते त्यांना सांग. आणि त्याआधी, ज्यांना ज्यांना त्या गोळ्या दिल्यास त्यांच्या दारी जाऊन त्या थांबव. मी तुझ्याबरोबर येईन, पण बोलायचं तू. मावशींकडेही तूच. आईलाही तूच.

मला ओरडायचं असेल तर ओरड. दार मात्र उघड.

अजूनही तुझीच बहीण,
धाकटी