फुटलेल्या पेपरातले गुण

शनिवार, १४ जुलै २०१८
फ्लॅट बुश

डोकं अजून तापलेलंच आहे. ऑनलाइन कोर्समधल्या माझ्या पहिल्या प्रोग्रामने दुपारी घरांच्या किमती जवळजवळ बिनचूक सांगितल्या. लगेच ह्यांनी मला न विचारता पुण्याला वन्संना फोन केला. "आमची ही आता एआय करते!"

मग मला चूक दिसली. ज्या घरांवरून प्रोग्रामला शिकवलं, त्याच घरांवर मी त्याची परीक्षा घेतली होती. म्हणजे पेपर आधीच फुटलेला. आमचं घर त्याने पाहिलेलं नव्हतं, ते दिलं तर गॅरेजच्या भावात काढलं.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "अगं, तिकडे कोणाला कळतंय? राहू दे."

का राहू दे? कॉलेजात फुटलेल्या पेपराकडे ढुंकून पाहिलं नाही, आता पाहू? कौतुक मलाही आवडलं होतं, त्याचाच जास्त राग येतोय.

शेवटी मीच फोन लावला. "वन्सं, माझा प्रोग्राम नापास झालाय."

त्या हसल्या. "होऊ दे हो वहिनी. या वयात कोण विचारतंय तुम्हाला?"

"मी विचारतेय," म्हटलं आणि फोन ठेवला.