युरियाची गोणी

असोदा,
१२ फेब्रुवारी २०२५

श्री. हितेंद्र यांस,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक. तुम्ही धुळ्यात ताईंकडे मजेत असालच. फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून कागद घेतला. कागदावर मध्येच तोंड घालता येत नाही.

तुमचं भाषण मोबाइलवर पाहिलं. ‘मातीविना ढोबळी मिरची.’ वा! अंगात कोट, गळ्यात हार. झाडाला नत्र कसं मोजून द्यावं हे तुम्ही लोकांना शिकवताय, हे ऐकून मला चहाचा ठसका लागला.

पॉलिहाऊसचं म्हणाल, तर कोकोपीटच्या पिशव्या मी साध्या पाण्याने धुऊन काढल्या आणि पुन्हा कॅल्शियम नायट्रेट सुरू केलं. नवी फळं स्वच्छ धरली आहेत. बुडाशी काळी पडलेली सगळी उकिरड्यावर गेली.

आबा मात्र तिकडे फिरकत नाहीत. पारावरही जात नाहीत. गेले की कुणीतरी विचारतंच, “काय आबा, मिरचीले केयीचं खत?” मग सगळे हसतात. जन्मभर केळी पिकवलेला माणूस खाली मान घालून घरी येतो.

व्यापारी नूर महंमद चाचांनी माल परत केला, तेव्हा आबांकडे बोट दाखवून तुम्ही काय म्हणालात, आठवतं? “म्हातारा अडाणी आहे. केळीसारखा युरिया टाकून बसला.”

खताच्या टाकीपाशी मी उभी होते हो. गोणी तुमच्या हातात होती. चाचा प्लॉट पाहायला येणार, झाडं हिरवीगार दिसली पाहिजेत, एवढीच तुम्हाला घाई. मी सांगत होते, इथे माती नाही, युरिया पचणार नाही, फळाला कॅल्शियम मिळणार नाही, बुडं काळी पडतील. तुम्ही म्हणालात, “केयीले चालतो, मिरचीले काय धाड भरली?” पानं आली खरी, ढीगभर. तुम्हाला तेवढंच लागतं.

चूक कुणाचीही होते. पण ती बापाच्या गळ्यात बांधून वर भाषणं ठोकायची, याला वेगळाच निर्लज्जपणा लागतो. मला तुमची लाज वाटते.

काल मी आबांना म्हटलं, सगळ्यांना खरं सांगून टाकते. त्यांनी माझा हात धरला. “राहू दे व माय. मले हासतीन तं हासू दे. पोराले नको हासाले.” आणि स्वतःची शपथ घातली. म्हणून मी गप्प बसणार आहे.

तुम्हाला कुणी शपथ घातलेली नाही. रविवारी चाचा नवा माल पाहायला येताहेत. मी आबांना हाताला धरून नेईन आणि पॉलिहाऊसच्या दारात खुर्ची टाकून बसवीन. या, आणि चाचांसमोर बोला. ते जमणार नसेल तर धुळ्यातच राहा. तुमचा कोट इथे कुणाच्या कामाचा नाही.

आबांची सून,
डिंपल