चाळीस डबे

३ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

इकडे आम्ही पाचही जण मजेत आहोत. परवा यानाच्या कोठारात थोडी आग लागली, पण अर्ध्या तासात विझली, तेव्हा उगाच घाबरू नका. श्वासाने खराब झालेली हवा साफ करणारे डबे मात्र जळाले, म्हणून कप्तानकाकांनी तुमच्या केंद्राकडे मदतयान मागितलं आहे. तिथे तू रवानगी अधिकारी आहेस हे कळल्यावर काका निर्धास्त झाले. घरचाच माणूस बसलाय, मग कसली काळजी, असं म्हणून खोकत खोकत हसले.

आईला सांग, लहानपणी मी बिस्किटं लपवायचे ना, तसे चाळीस डबे बिछान्याखाली लपवून ठेवलेत. मदत उशिरा आली तरी आमचं अडणार नाही. तिचा गुडघा कसा आहे? माझी पत्रं वाचून दाखवताना तू मध्येच जांभया देतोस, अशी तिची तक्रार आली आहे. निदान शेवटपर्यंत जागा तरी राहा!

लोभ आहेच, तो आणखी वाढव.

तुझी खारूताई

९ मार्च

चि. खारूताईस अ. उ. आ.

आईचा गुडघा बरा आहे. चाळीस डब्यांचं ऐकून ती पोटभर हसली आणि दोन घास जास्त जेवली.

आता मन घट्ट करून वाच. आमच्याकडे उड्डाणाला तयार असं एकच मदतयान होतं. तुमची मागणी आली त्याच आठवड्यात दुसऱ्या एका यानाची पाण्याची टाकी फुटली. त्यात अकरा माणसं, त्यांत दोन तान्ही मुलं. बैठकीत एकमत होईना. तुमच्या कप्तानांनी नऊच डबे उरल्याचं कळवलं होतं, पण मागताना सगळेच कमी सांगतात. शेवटी मी तुझं पत्र वाचून दाखवलं आणि पाच मिनिटांत निर्णय झाला. मदतयान काल तिकडे गेलं.

पुढचं तुमच्यापर्यंत पोचायला चाळीस दिवस लागतील. तुझ्याकडचे डबे तोवर आरामात पुरतील. तुझ्या साठवायच्या खोडीने अकरा जीव वाचले, मला तुझा फार अभिमान वाटतो.

आईचे आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा दादा

१० मार्च

दादा,

बिछान्याखाली चाळीस डबे नाहीत. एकही नाही. यानात सातच उरलेत आणि एक डबा तीन दिवस चालतो.

आई ऐकणार म्हणून मी तसं लिहिलं. वसतिगृहात तुला टायफॉइड झाला तेव्हा वजन वाढल्याचं तूच घरी लिहिलं होतंस आणि मला एकटीला खरं सांगून गप्प बसवलं होतंस. ही रीत तुझीच. इथला निरोप तिथे चौदा मिनिटांत पोचतो. एकदा विचारायचं तरी.

काही सोय होत असेल तर लगेच कळव.

११ मार्च

चि. खारूताईस,

गेलेलं मदतयान आता वळवता येत नाही. दुसरं पाच दिवस लवकर पोचेल असं बघतोय.

खरं सांगतो, तुला विचारायचं माझ्या मनात आलं होतं. तू 'डबे नाहीत' म्हणाली असतीस तर कोणाला वाऱ्यावर सोडायचं, हे मला ठरवावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

दादा

१४ एप्रिल

रवानगी अधिकारी यांस,

मदतयान काल पोचलं. साठ डबे मिळाले, पोच सोबत आहे.

डबे पुरवायचे म्हणून आम्ही पाच जण एकाच खोलीत आडवे पडून होतो. बोलणंही अगदी जेवढ्यास तेवढं, डोकं सतत ठणकायचं. कप्तानकाकांची छाती आधीच अधू. मदतयान यायच्या दोन दिवस आधी ते गेले. तुझा भाऊ काहीतरी करेल, असं शेवटपर्यंत म्हणत होते. मी नुसती मान हलवत राहिले.

दादा, तू त्या मुलांना वाचवलंस याचा मला राग नाही. विचारलं असतंस तर काका स्वतःच म्हणाले असते, आधी त्यांना द्या. पण तू माझ्याच पत्राने माझा गळा कापलास. खोटं माझं होतं, ते मी जन्मभर वागवीन. पण ते खोटं आहे हे ओळखणारा जगात एकच माणूस होता.

सोबत आईसाठी वेगळं पत्र आहे. आम्ही पाचही जण मजेत आहोत, असं त्यात लिहिलं आहे. ते तिला वाचून दाखव. शेवटपर्यंत.