टोपीसकट आडनाव

साल्तो, १० मार्च २०१९

चि. एव्हारिस्तो यास ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या दूधसंघाचं नववर्षाचं कार्ड एकदाचं पोचलं. तुमचं म्हातारं मशीन 'न'च्या डोक्यावरची नागमोडी टोपी छापत नाही, 'आन्यो'चं 'आनो' होतं, त्यामुळे यंदाही संघाने मला 'नव्या वर्षा'ऐवजी 'नव्या ढुंगणा'च्या शुभेच्छा पाठवल्या आहेत. या वयात तेही मिळालं तर हवंच आहे म्हणा.

थट्टा पुरे. तुझे साहेब अबेलार्दो इथे संत्र्यांच्या बाजारात भेटले. जूनअखेर ते मशीन बंद होणार, सगळं काम कॉम्प्युटरच्या नव्या भाषेत जाणार आणि तू एकटाच हटून बसला आहेस, असं म्हणाले. शिकला नाहीस तर गोदामात पाठवतील. छत्तीस वर्षं मशीनला जुनी कोबोल भाषा शिकवणारा माझा भाऊ आता दुधाचे कॅन धुणार का?

तुझ्या लेकीने, माइतेनाने, ती नवी भाषा शिकवायला तुझ्यासाठी लिहिलेली वही तू उघडलीही नाहीस, हे मला ठाऊक आहे. पोर जाऊन सहा महिने झाले. मी अजून रोज तिचा नि माझा असे दोन पेले काढते आणि तिचा परत ठेवते. पण वही तिने कपाटात ठेवायला लिहिली नव्हती रे.

'माते' चहाचा कडू घोट रिकाम्या पोटी घेत जाऊ नकोस. उत्तर लांबलं तर मी स्वतःच येऊन धडकेन.

तुझी,
ग्रिसेल्दा

पायसांदू, २४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

येऊ नकोस, घर आवरलेलं नाही.

तुला खरं सांगतो. आजारपणात माइतेना तुझ्याकडून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा औषधांनी तिचे हात थरथरत होते. तरी रोज दुपारी मला कॉम्प्युटरसमोर बसवायची. मी विषय टाळायचो. आधी तू बरी हो, मग शिकतो, असं म्हणायचो. मला वाटायचं, मी शिकलो नाही तर तिला बरं व्हावंच लागेल. एवढा शहाणा माणूस मी, हा असला सौदा करून बसलो होतो. शेवटी तिने वाद घालणं सोडलं आणि गुपचूप वही लिहायला घेतली.

आता वही न उघडण्याचं कारण वेगळं आहे. तिचे फोटो पाहून झाले, पत्रं पाठ झाली. मी वाचलेलं नाही असं तिचं एवढंच उरलं आहे. ते वाचलं की ती मला नवीन काहीच सांगणार नाही, ताई. त्यापेक्षा कॅन धुतलेले बरे.

तुझ्या गुडघ्याला जप. राग मानू नकोस.

तुझा,
एव्हारिस्तो

साल्तो, २ एप्रिल

चि. एव्हारिस्तो यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दिवसभर रडले. मग तुझा राग आला, तो लिहिते.

माइतेना तिसरीत होती, तेव्हा शाळेत दुधाची कार्डं वाटली होती, आठवतं? तुझ्या मशीनने छापलेली. आपल्या 'पेन्या' आडनावाची टोपी उडाली आणि पोरीच्या कार्डावर 'माइतेना पेना' आलं. माइतेना दुःख! वर्गाने वर्षभर तिला दुःख म्हणूनच हाक मारली. ती रडत तुझ्याकडे आली, तर तू म्हणालास की मशीनला जमत नाही, पुढे कधीतरी करू. पोर ते 'कधीतरी' धरून बसली होती.

सगळी वही वाच असं मी म्हणत नाही. रविवारी एक पान वाच आणि मला कळव. मला त्यातलं ओ की ठो कळणार नाही, तरी कळव.

तुझी,
ताई

पायसांदू, ५ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज रविवार. पाऊस होता, तुझ्या पद्धतीने पिठाच्या पुऱ्या तळल्या, अर्ध्या करपल्या. मग वही उघडली. दहाच पानं आहेत. शेवटची अक्षरं फार वाकडी दिसतात, ती मी झाकून ठेवली.

पहिल्या पानावर वर लिहिलं आहे, 'बाबा, धडा पहिला. पडद्यावर आपलं आडनाव आण.' खाली एकच ओळ कशी लिहायची ते दाखवलं आहे. मी लिहिली, बटण दाबलं आणि आडनाव आलं. एवढंच होतं तर मी का घाबरत होतो, असं मनात म्हणत पान उलटलं. मागे लिहिलं होतं, 'टोपी विसरलास ना? या भाषेला टोपी येते, बाबा.'

पडद्यावर पाहिलं. पेना. छत्तीस वर्षांची सवय, बोट त्या अक्षराकडे गेलंच नाही. ताई, मी विसरणार हे तिला माहीत होतं. मी मोठ्याने हसलो, आणि मग हसता हसता जे सुरू झालं ते थांबेना. शेजारची ओतिलिया दार वाजवून गेली.

तोंड धुऊन पुन्हा बसलो. या वेळी तिचं पूर्ण नाव लिहिलं, टोपीसकट. बरोबर आलं. तिला दाखवायला वळलो, आणि खुर्ची रिकामी.

अबेलार्दोंना उद्या सांगणार आहे की मी शिकतो आहे, पण जूनअखेर जमणार नाही. नऊ पानं राहिली आहेत आणि मी रविवारी एकच वाचतो. सात जुलैपर्यंत त्यांनी थांबावं. त्याआधी मला संपवायला लावू नये.

प्रकृतीस जप. माझ्यावर माया आहे तशीच असू दे, सध्या तिची फार गरज आहे.

तुझा धाकटा,
एव्हारिस्तो पेन्या
(टोपी हाताने घातली आहे, नीट बघ.)